कोरडी खारी

ह्यांना हृदयाचा पहिला झटका आला तेव्हा शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेल-तूप कमी करा. माझ्या डोक्यात एवढंच बसलं की जे हाताला ओशट लागतं ते विष. घरी आल्या आल्या तुपाची बरणी जावेकडं पाठवून दिली. भाजी नुसत्या पाण्यात शिजवायला लागले. शेवंती तोडून दमून आलेला माणूस ताटाकडं बघायचा आणि मुकाट जेवायचा. माझा जीव तुटायचा, पण हटले नाही. मला माणूस हवा होता.

आमच्याकडं आजाऱ्याला बघायला कोणी रिकाम्या हातानं येत नाही. राहू गावापासून कोरेगावपर्यंतचे पाहुणे आले आणि प्रत्येकाच्या पिशवीत बेकरीचा पुडा. खारी, नानकटाई, पुन्हा खारी. कोरडी, कुरकुरीत, पोटाला हलकी. म्हटलं, चला, एक तरी गोष्ट ह्यांना पोटभर देता येईल. सकाळी चार, संध्याकाळी चार, चहात बुडवून. पुडे संपले की मीच बाजारातून आणायची. एकदा हे म्हणाले, "अगं, टाळूला मेण बसल्यागत हुतंय." मी फाडकन म्हटलं, "उगा खुसपटं काढू नका. गुमान खावा."

वर्ष झालं नाही तोवर दुसरा झटका. ह्या वेळी दौंडला आणलं. डॉक्टरीणबाई पोरीच्या वयाची. काय खातात, विचारलं. मी ताठ मानेनं सांगितलं, तेलाचा थेंब देत नाही, खारीवर ठेवलंय. पिशवीतून काढून दाखवली सुद्धा.

तिनं ती कागदावर ठेवली, अंगठ्यानं दाबली. कागद ओशट झाला, त्यातून आरपार दिसायला लागलं. "मावशी, एवढे पापुद्रे सुटतात ते वनस्पती तुपानं," ती म्हणाली. "पुड्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, सुट्या मालावर तेही नसतं. टाळूला चिकटतं ते हेच. घरचं तूप चमचाभर मोजून चाललं असतं." एकट्या खारीनंच झालं असं नाही, असंही म्हणाली. ते माझ्या कानात शिरलंच नाही. मला फक्त सकाळच्या चार आणि संध्याकाळच्या चार दिसत होत्या. मी माझ्या हातानं भरवलेल्या.

उद्या ऑपरेशन. संमतीच्या कागदावर सही माझी आहे, वाकडीतिकडी. वाचतील का, हे कोणी छातीठोक सांगत नाही. रागावू तरी कोणावर? पाहुण्यांवर? बेकरीवाल्यावर? त्यांनी काय माझा हात धरला होता?

दुपारी नणंद भेटायला आली. उशाशी खारीचा पुडा ठेवला आणि डोळ्याला पदर लावला. ह्यांनी डोळे उघडले. आवाज पार खोल गेलेला.

"रडू नगंस," हे बहिणीला म्हणाले. "हिनं लई जपलं मला. वर्षभर तेलाचा थेंब लागू दिला न्हाई."

मी पुडा उचलला आणि पिशवीत तळाला दडपला.