पांढरं सांभाळणारे काका

चिक्कडपल्लीत बाजारामागे त्यांची डार्करूम आहे. कृष्णधवल फोटो छापायला मी त्यांच्याकडे सहा वर्षं जातोय, पण नाव कधी विचारलं नाही. ते मला ‘साहेब’ म्हणतात, मी त्यांना ‘काका’. बोलतात मराठीत, पण कागदावर उजेड टाकताना सेकंद मोजतात तेलुगूत, ‘ओकटी, रेंडु, मूडु...’ कौतुक केलं की म्हणतात, ‘काळं कोणी बी करते हो. पांढरं सांभाळणं मुश्किल.’

गेल्या वर्षी वडिलांना घेऊन कोकणात गेलो होतो. ओहोटीला चिखलात कलंडलेल्या होड्या आणि मागचं धुकं मी टिपलं. महिन्याभरात वडील गेले. काकांनी रोल धुतला तर ते निगेटिव्ह काळंकुट्ट निघालं.

‘टाकून द्या,’ मी म्हणालो.

त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. ‘ठैरा. पाण्यापाशी कोणी तरी उभं हाय.’

‘तिथं कोण असणार? वडील तर गाडीत बसले होते.’

होड्यांवर तळहाताची सावली धरत, धुक्यावर जास्त उजेड पडू देत काकांनी सात कागद वाया घालवले. आठवा औषधात बुडवला. लाल दिव्यात आधी होड्या उमटल्या, मग चिखलावरच्या रेघा, आणि शेवटी अगदी दूर, चपला हातात धरून पाण्यात उभे असलेले माझे वडील.

मी ट्रेवर वाकलो.

‘कोण हायेत?’

‘वडील.’

काका ट्रे हलवायचे थांबले. ‘मग अजून एक काढतो,’ ते म्हणाले. ‘पाय ओले दिसंनात त्यांचे.’