पोशेऱ्याच्या मुलीची तोंडी परीक्षा

मी मूळचा साखरशेतचा, आणि जव्हारच्या कॉलेजात विजेची यंत्रं शिकवतो. माझ्या साऱ्या शैक्षणिक कारकिर्दीत सर्वाधिक वाखाणलं गेलं ते मी एक्स्टर्नलना घातलेलं जेवण. दुसऱ्या कॉलेजातून तोंडी परीक्षा घ्यायला येणारा हा पाहुणा भुकेला राहिला की पोरं नापास होतात, असा माझा अनुभव. म्हणून परीक्षा जवळ आली की गावठी कोंबडी कुठे मिळेल, हे विभागप्रमुख मलाच विचारतात.

त्या वर्षी आमच्याच भागातल्या पोशेऱ्याची एक मुलगी शेवटच्या वर्षाला होती. मोटर खोलून पुन्हा जोडायची, पण इंग्रजीत प्रश्न आला की दातखीळ बसायची. ठाण्याच्या एका कंपनीने तिला निवडलं होतं. ती इथे अडकली तर नोकरी हातची जाणार होती.

एक्स्टर्नल टाय लावून आले. आडनाव कुठल्याही जिल्ह्यात खपेल असं. चहासुद्धा त्यांनी इंग्रजीत नाकारला. मी लगेच पुढे सरसावलो. म्हटलं, मुलगी घरच्या बोलीत उत्तर देईल, मी इंग्रजी करून सांगतो. ते बरं म्हणाले.

मोटरचा फिरता भाग भोवती फिरणाऱ्या चुंबकी क्षेत्राचा वेग कधीच का गाठत नाही, असं त्यांनी विचारलं.

मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, माझा डोकाच बंद पडला. माला घरी जाव द्या."

मी गंभीर चेहऱ्याने तिचं उत्तर इंग्रजीत सांगितलं: वेग गाठला तर त्यात वीजच निर्माण होणार नाही, मग तो फिरेल कशाने? एक्स्टर्नलनी मान डोलावली. माझी पीएच.डी. इतकी कामी कधीच आली नव्हती.

दुसरा प्रश्न आला. ती म्हणाली, "हा मानूस हसत कसा नाय?"

त्याचंही मी चांगलं लांबलचक भाषांतर केलं. एक्स्टर्नलनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाय," ते थेट आमच्या बोलीत म्हणाले, "मी हसलो त सांगशील का?"

म्हणजे माझी सारी भाषांतरं त्यांनी पकडली होती. मुलगी मात्र खुदकन हसली, आणि तिची जीभ मोकळी झाली. "गाठला का संपला, सर. मंग त्याला ओढील कोन? थोडा मागंच रावा लागं." पुढचे प्रश्नही तिने असेच उडवले.

"तुमची उत्तरंही बरोबर होती," एक्स्टर्नल मला म्हणाले, "पण मार्क तिलाच देतो." ते मोखाड्याकडचेच निघाले. आई गेल्यापासून ही बोली बोलायला कोणी उरलं नव्हतं, म्हणाले.

मुलगी दारापर्यंत गेली आणि वळली.

"सर, मंग तुमी दोघा आपापल्या वर्गात असा कधी का नाय बोलत?"

मी एक्स्टर्नलकडे पाहिलं, त्यांनी टेबलाकडे. मला फार लाज वाटली. त्या दिवशी नापास झालो ते आम्ही दोघंच.