धडधडायचं राहून गेलं

आईच्या काळजाला घाबरायची भारी हौस. कुकरची शिट्टी झाली की हात छातीवर, पाल दिसली की हात छातीवर. आम्ही हसायचो. पण एकदा भाजी चिरताना ते जे धावत सुटलं, ते थांबेचना. "छातीत कबूतर शिरलंय गं," एवढंच ती म्हणत होती. तपासणीत कळलं, ठोक्यांची लयच बिघडली होती.

डॉक्टरांनी समजावलेलं बाबांनी आपल्या भाषेत उतरवून घेतलं. त्यांची सारी नोकरी भोपाळच्या सरकारी दफ्तरात गेलेली. हृदयात ठोक्याचा हुकूम सोडणारा साहेब एकच असतो. आईच्या हृदयात जो तो हुकूम सोडायला लागला होता. म्हणून एक गोळी रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी, आणि दुसरी म्हणजे दारावर बसवलेला चपराशी. सगळे हुकूम आत सोडायचे नाहीत. घाबरल्यावर शरीर 'पळ, पळ' म्हणून ओरडतं, तेही हृदयाला फारसं ऐकू येऊ द्यायचं नाही.

नाडी फार मंद असेल तर ही गोळी देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून भोपाळमधल्या बाग सेवनियाच्या आमच्या घरात रोज चहाआधी बाबा घड्याळ समोर ठेवून आईचं मनगट धरायचे. मग म्हणायचे, "गाडी बरोबर चालली आहे. घ्या, बाईसाहेब."

"लग्नात इतका वेळ हात धरला नव्हता यांनी," आई मला सांगायची. लाजायचीसुद्धा, या वयात!

एका सकाळी तिला गोळी देऊन बाबा पेपर घेऊन गॅलरीत बसले आणि बसल्या जागी गेले. मी किंचाळले, शेजारपाजारचे धावले. आई त्यांच्या पायाशी बसून राहिली. हात स्वतःच्या छातीवर, डोळे कोरडे. नागपूरहून आलेल्या बायका तिच्यासमोरच म्हणाल्या, "किती खंबीर हो!" आईचा चेहरा एवढासा झाला. मला त्या बायकांचा असा राग आला, की चहासुद्धा विचारला नाही.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. नाडी बघणं मला जमत नव्हतं, म्हणून मी ठोके दाखवणारं मशीन आणलं होतं. आकडा बघायचा, गोळी तिच्या हातावर ठेवायची, ती पाणी प्यायची. मग एका दुपारी ती ओट्याशी मटकन खाली बसली. घामाने चिंब, ओठ पांढरे, मानेवरची शीर थाडथाड उडत होती.

इस्पितळात शिरेतून औषध दिलं, तेव्हा कुठे ठोके आवरले. डॉक्टरांनी विचारलं, "दवा बंद की थी क्या? अचानक छोड़ो तो दिल और जोर से भागता है।"

"छे! मी स्वतः देते," मी म्हटलं.

"नाही घेतल्या," आई पडल्या पडल्या म्हणाली. "ह्यांच्या चष्म्याच्या डबीत आहेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, मरायचं होतं का तुला? बाबा गेले, आता तूही जा! मी काय करू मग?"

"मरायचं नव्हतं गं," ती म्हणाली. "कुकरला धडधडायचं, पालीला धडधडायचं. आणि हे गेले तेव्हा मेलं जागचं हललं नाही. ह्यांच्यासाठी एकदा तरी धडधडायला नको होतं?"

डॉक्टरांना मी ते हिंदीत सांगितलं. सांगताना रडू आवरेना. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "माताजी, आपका कोई कसूर नहीं। यही तो इस गोली का काम है।" आईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी मी मशीन काढलं, तर तिने ते बाजूला सारलं आणि मनगट पुढे केलं. मला नाडी सापडेना. तिनेच माझी बोटं सरकवून जागेवर नेली. "हे इथे धरायचे," म्हणाली आणि फुटली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. सगळं अंग गदगदत होतं, पदर भिजला, आणि माझ्या बोटांखाली नाडी आपली सावकाश, एका लयीत चालली होती.

"गाडी?" तिने विचारलं.

"बरोबर चालली आहे, आई."

"निर्लज्ज मेली," ती आपल्या नाडीलाच म्हणाली, आणि गोळीसाठी हात पुढे केला.