फोडून नष्ट केले

माझ्या अक्षराचं लहानपणापासून फार कौतुक झालं. त्या अक्षरानं माझं वाटोळं केलं असं मी म्हणणार नाही, कारण वाटोळं माझं झालंच नाही. झालं ते माझ्या धाकट्या भावाचं.

साठ-सत्तरच्या दशकात नागपुरात एका सरकारी खात्याचं रेडिओ दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. खेड्यांच्या चावड्यांवर ठेवलेले रेडिओ तिथं यायचे. पारशिवनीकडचे, काटोलकडचे, कुठकुठले. धुळीसकट, झुरळांसकट, आणि एकदा तर उंदराच्या पिल्लांसकट. मी तिथल्या स्टोअरमध्ये क्लार्क होते. तेव्हाचे रेडिओ व्हॉल्व्हवर चालत. व्हॉल्व्ह म्हणजे बोटाएवढी काचेची नळी, खाली पिना, आतली तार तापली की लालसर उजेड पडायचा आणि मग दमानं आवाज यायचा. नवा व्हॉल्व्ह हवा असेल तर मेकॅनिकनं जुना माझ्याकडे जमा करायचा. मुदत भरली की जुना थोडाफार चालत असला तरी बदलून टाकायचा. आणि वर्षाच्या शेवटी जमलेले सगळे जुने व्हॉल्व्ह हातोडीनं फोडायचे, कंपनीची रिकामी खोकी फाडायची, मगच ते भंगार लिलावात काढायचं, असा नियम होता. का फोडायचे ते नियमात लिहिलेलं नव्हतं. पण मला ते कळायला हवं होतं, मी काही अक्कल गहाण ठेवून नोकरीला लागले नव्हते.

पहिल्या मार्चअखेरीला माझ्या लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. हातात हिरवा चुडा. आमच्याकडे बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, आणि मी त्या हातांनी गोणपाटावर बसून दुपारभर काच फोडायची? शिपायाला सांगितलं तर तो म्हातारा माझ्याहून सोवळा निघाला. म्हणाला, नव्या नवरीच्या देखत काच फोडायचं पाप मी घेणार नाही. मग आम्ही दोघांनी मिळून एकेक व्हॉल्व्ह पुसला, रिकाम्या खोक्यात घातला आणि सगळी खोकी पेट्यांत रांगेनं लावून ठेवली. रजिस्टरमध्ये मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, ‘फोडून नष्ट केले’. साहेबांनी मान वर न करता सही केली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी खूश.

पुढच्या वर्षी चुडा नव्हता, तरी मी फोडले नाहीत. आता सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर कौतुकाची चटक लागली होती. लिलाव घेणारा माणूस म्हणायचा, बाईंच्या हातचं भंगार म्हणजे देवघर. खोकी तेवढी फाडू नका, असंही तो हळूच सांगायचा. कशाला हवीत, असं मी त्याला एकदाही विचारलं नाही. एरवी मेथीची जुडी घेताना भाजीवालीला दहा प्रश्न विचारणारी मी. त्या माणसाला मी तोंड उघडून काहीच विचारलं नाही.

भावाचं नागपूरच्या महाल भागात, माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि मागे फळीवर उघडे पडलेले सेट. शिक्षणात त्याचं डोकं चाललं नाही, पण हात असा की बिघडलेला सेट तो आधी नुसता कान लावून ऐकायचा आणि बरोबर तिथंच बोट ठेवायचा. नवा व्हॉल्व्ह घातला की सहा महिन्यांची हमी चिठ्ठीवर लिहून द्यायचा. गल्लीत कोणी अशी हमी देत नसे. मी त्याला ओरडायचे, कशाला लिहून देतोस, उद्या गळ्याशी येईल. तो म्हणायचा, कंपनीचं सीलबंद खोकं असते ताई, मले काहून भ्यायचं?

मग त्यानं दुरुस्त केलेले सेट परत येऊ लागले. दुकानात लावून पाहिले तेव्हा खणखणीत वाजलेले, घरी गेल्यावर आठ-दहा दिवसांत मुके झालेले. तो बदलून द्यायचा, तो बदललेलाही जायचा. गल्लीत एक हेडक्लार्क राहत, सगळे त्यांना काका म्हणत, आणि त्यांचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल. त्यांचा सेट दुसऱ्यांदा बंद पडला तेव्हा ते तो घेऊन सीताबर्डीवरच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेले. त्यानं व्हॉल्व्ह काढून दाखवला. पिना पॉलिश पेपरनं घासलेल्या, काच धुतलेली. हा नवा नाहीच, म्हणाला, वापरून जीव गेलेला आहे, नव्याच्या भावात तुमच्या गळ्यात मारला. काकांनी त्या संध्याकाळी गल्लीत चारचौघांसमोर भावाला विचारलं की आमचे चांगले व्हॉल्व्ह काढून घेतोस आणि मढी बसवतोस काय. भाऊ माल घेतल्याची बिलं दाखवत राहिला. बिलं कोण वाचतो? दुकान त्याचं, हात त्याचा. मुलांनी त्याच्या दुकानातून आणलेले सेट बायका उघडून बघू लागल्या, जणू काही त्यांना आतलं कळत होतं. आईनं देवळात जाणं सोडलं.

मी लग्नानंतर जरीपटक्याकडे राहत होते. मला हे सगळं माहीत होतं आणि मी त्याच्यावर मनातून चिडले होते. कुठल्या तरी भामट्याकडून स्वस्तात माल उचलला असेल, असं मी नवऱ्याजवळ बोलूनही दाखवलं होतं.

एका रविवारी दुपारी तो सायकलनं आला. नवरा बाहेर गेला होता. मी तांदूळ निवडत होते. पाणी दिलं ते त्यानं घेतलं नाही. खिशातून व्हॉल्व्हचं एक खोकं काढलं, वरचं झाकण उलगडलं आणि आतली बाजू माझ्यापुढे धरली. स्टोअरमध्ये नवा माल आला की मी प्रत्येक खोक्याच्या झाकणाला आतून निळ्या पेन्सिलीनं कप्प्याचा नंबर आणि तारीख लिहायचे. बाहेर लिहिलं तर मळतं म्हणून आतून. कोणी सांगितलेलं नव्हतं, माझी टापटीप. तेच निळे आकडे समोर होते, त्यात एक नऊ.

“हा नऊ तुयाच हाय ना वं, ताई?”

मी म्हटलं, माझा कसा असेल? नऊ काय मी एकटीच लिहिते? त्यानं खोकं माझ्या आणखी जवळ धरलं. शाळेत माझ्या जुन्या वह्या पाहून तो लिहायला शिकला होता. मग मला सांगावं लागलं की हो, माझाच आहे. इतकी मोठी फसवणूक करणाऱ्यानं खोक्यांना नवं सील लावलं, पण झाकणाची आतली बाजू बघायचे कष्टही घेतले नव्हते. आमच्या वर्कशॉपचे मेलेले व्हॉल्व्ह आमच्याच वर्कशॉपच्या खऱ्या खोक्यांतून फिरून बाजारात आले होते, आणि माझा भाऊ ते रीतसर बिलावर विकत घेऊन, नवे म्हणून, छातीठोकपणे लोकांच्या घरात बसवत होता. कुंपणच शेत खातं म्हणतात, तर ते कुंपण मी होते.

“फोडाचे होते ना हे?”

मी हो म्हटलं.

“मंग काहून नाही फोडले?”

काय सांगणार होते? हातात चुडा होता म्हणून? भंगारवाल्यानं शाबासकी दिली म्हणून? मी रडू लागले. डोळे पुसून म्हणाले, मी येते गल्लीत, काकांना सगळं सांगते. पण हे मी बसूनच म्हणाले. तांदळाचं सूप मांडीवर तसंच होतं. त्याच्या ते लक्षात आलं असणार.

तो म्हणाला, “राहू दे. रजिस्टरात तुयी लिखावट हाय. तुयी नोकरी जाईन, अन् केस होईन ते वेगळंच.”

मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. माझ्या जिवात जीव आला होता आणि मला त्याची लाज वाटत होती, दोन्ही एकाच वेळी. जाताना त्यानं खोकं खिशात टाकलं. पुढं त्यानं त्याचं काय केलं ते मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षीपासून मी सगळे व्हॉल्व्ह फोडायला लावले, स्वतः बसून. त्यानं भावाला काय मिळणार होतं? दिवाळीच्या आत त्यानं दुकान बंद केलं. खापरखेड्याच्या पॉवर हाऊसवर हेल्पर म्हणून लागला, पुढं वायरमन झाला, तिथंच क्वार्टर मिळालं, संसार झाला. पण रेडिओचं मागचं झाकण त्यानं पुन्हा उघडलं नाही. पुढं घरोघरी टीव्ही आले. आमचा बिघडला तेव्हा मी त्याला म्हटलं, बघ जरा. त्यानं हात मागे घेतले आणि कोणाला तरी बोलवा म्हणाला. माझी मुलं म्हणायची, मामाला यातलं काही येत नाही. मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

वर्षं गेली. ते वर्कशॉप बंद झालं, रजिस्टरं कुठल्या गोदामात सडली असतील. साहेब वारले, मी दुसऱ्या ऑफिसात गेले. आता कोणी माझं काही वाकडं करू शकत नव्हतं, म्हणजे आता खरं बोलायला माझ्याकडे शौर्य लागणार नव्हतं. भावाच्या मुलीच्या लग्नात ते काका आले, काठी टेकत. भाऊ दारात उभा होता, त्यानं वाकून नमस्कार केला. मी काकांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि तिथंच, भावादेखत, सगळं सांगून टाकलं. वर्कशॉप, खोकी, हातोडी, रजिस्टर, निळी पेन्सिल. माझा आवाज इतका चढला की शेजारच्या दोघी वळून बघू लागल्या. मी म्हणाले, चोरी त्यानं केली नव्हती काका, खोटं मी लिहिलं होतं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

“भावासाठी बहीण एवढं बोलणारच बाई. तू मनाला लावून घेऊ नको. आम्ही त्याले केव्हाच माफ केलं.”

मी भावाकडे पाहिलं. त्यानं काकांपुढे हात जोडले आणि जेवून जायचा आग्रह केला.