भरतीच्या पाण्यात सासूबाई

मुलीला मुंबईत नोकरी लागली आणि हिवाळ्यात मी सासूबाईंना घेऊन तिच्याकडे गेले. नवऱ्याला रजा नव्हती. सासूबाई सत्तरीच्या. मुंबई त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि पाहायची इच्छा आहे असंही कधी बोलल्या नव्हत्या. तशा त्या बोलायच्याच कमी. सरकत्या जिन्याला भ्यायच्या, लिफ्टला भ्यायच्या, गॅसचं सिलिंडर बदलताना बाहेर अंगणात जाऊन उभ्या राहायच्या. पाण्याला तर भीतच असणार, असं मी धरून चालले होते, कारण रविवारी आम्ही नागपुरात फुटाळा तलावावर भुट्टे खायला गेलो की त्या तलावाकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसायच्या. लग्न होऊन मला पंचवीसेक वर्षं झाली, पण त्यांची पाठ तलावाकडे नाही असं मी पाहिलेलं आठवत नाही.

मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली, "गेटवे अन् चौपाटी सगळेच पाहतात. मी तुम्हाला न पाहिलेली मुंबई दाखवते."

आधी तिने बाणगंगा दाखवली. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि मध्ये पायऱ्यापायऱ्यांचं गोड्या पाण्याचं तळं, त्यात बदकं. दुसऱ्या दिवशी शिवडीला नेलं. एका बाजूला तेलाच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला जुनाट बोटी, आणि मधल्या काळ्या चिखलात नजर पोचेल तिथवर गुलाबी पक्षी. मी "अगं बाई" एवढंच म्हणत राहिले. सासूबाई तर निघायचं म्हटलं तरी उठेनात.

तिसऱ्या दिवशी ओहोटीचा फेरफटका होता. मुलीच्या ओळखीची एक तरुण मुलगी समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करायची. पाणी मागे गेलं की खडकांमध्ये काय काय उरतं, ते ती दाखवणार होती. मलबार हिलच्या बाजूचा खडकाळ किनारा होता. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही वर कठड्यावर बसा, दगड निसरडे आहेत."

"काहून? मी नाही येऊ का?" त्या म्हणाल्या आणि लुगड्याचा ओचा वर खोचून माझ्यापुढे निघाल्या.

ज्या मुंबईच्या किनाऱ्यावर मला फक्त प्लास्टिकच्या पिशव्या दिसत होत्या, तिथे त्या मुलीने वाकून एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली. शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे. फुलासारखे उमललेले, बोट जवळ नेलं की मिटणारे जीव. पाणी भरलेल्या एका खड्ड्याशी ती थांबली. आपल्या घरच्या परातीएवढाच खड्डा. "नीट पाहा," ती म्हणाली. मला एक करडा दगड दिसला. मग त्या दगडाला डोळा आला. मी किंचाळले. तो ऑक्टोपस होता. बघता बघता तो तपकिरी झाला, मग हिरवट, आणि फटीत शिरून नाहीसा झाला.

"पाह्य वं," सासूबाई माझा हात धरून म्हणाल्या, "दगड पाहून राहिला होता आपल्याकडं." त्यांचा चेहरा असा खुललेला मी पाहिला नव्हता.

थोड्या वेळाने त्या मुलीने हाक दिली, भरती सुरू झाली, आता परतायचं. आम्ही लगेच फिरलो. येताना खडकांमधली एक घळ आम्ही पार केली होती, तेव्हा तिथे घोट्याएवढं पाणी होतं. आता मांडीपर्यंत आलं होतं. ती मुलगी पुढे उभी राहून एकेकाला हात देत होती. माझी लेक पलीकडे पोचली. मी पाय टाकला, खालचं शेवाळ सरकलं आणि नेमकी तेव्हाच एक लाट आली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. नाकात खारट पाणी. पाय खाली सोडले तर खाली काही नाही. लाटेने मला घळीच्या खोल भागात ओढलं होतं. लेक "आई, आई" ओरडत होती. मला पोहता येत नाही. मी हात झाडत होते आणि जेवढे झाडावेत तेवढी आत जात होते.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझा अंबाडा धरला.

"हातपाय नको मारू! पाठीवर हो. पाठीवर हो म्हटलं ना!"

आवाज सासूबाईंचा होता, पण इतका मोठा आवाज त्यांचा असू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी आकाशाकडे तोंड केलं. त्यांचा हात माझ्या हनुवटीखाली आला. एका हाताने मला आणि दुसऱ्याने पाणी सारत त्यांनी मला खडकापर्यंत आणलं, आणि तिथून त्या दोघी पोरींनी मला वर ओढलं. सासूबाई मागून आपल्या आपण चढल्या. लुगडं अंगाला चिकटलेलं, एक चप्पल गेलेली.

खडकावरच्या कालवांनी माझा गुडघा फाटला होता. रक्त वाहत होतं, पण मला त्याचं काही नव्हतं. मी त्यांच्याकडेच पाहत होते.

"आई, तुम्हाला पोहता येतं?"

"येत होतं." त्या पदर पिळत होत्या. "माहेरी घरामागंच तलाव. रामटेकच्या बाजूले शिंगाडे लावतात ना तलावात? आम्ही पोट्ट्या वेलींच्या खालून जाऊन शिंगाडे तोडून आणू. बुडी मारून तळाचा चिखल मुठीत आणायचा, अशी शर्यत राहे आमची."

"मग नागपुरात कधी..."

"लग्न झाल्यावर तुह्या आजेसासूले सांगतलं होतं. त्या म्हणल्या, सुनेनं तलावात उतरनं बरं दिसत नाही. मंग नाही उतरली."

मला फुटाळा आठवला. मी विचारलं, "म्हणून तिकडे पाठ करून बसता?"

त्यांनी पिळलेला पदर झटकला. "समोर पाणी असलं का उतरावंसं वाटते वं. त्यापेक्षा पाठ केलेली बरी."

माझी लेक तिथेच खाली बसली आणि रडायला लागली.

डॉक्टरने गुडघ्याला टाके घातले, सुई टोचली. टॅक्सीतून घरी आलो. सासूबाईंनी गरम पाण्याने आंघोळ केली, आणलेल्या भिवापुरी तिखटाचं झणझणीत पिठलं केलं, जेवल्या आणि पोरीच्या पलंगावर गाढ झोपल्या. मला मात्र डोळा लागेना. ज्या बाईला मी वर्षानुवर्षं हात धरून रस्ता ओलांडून दिला, तिने हनुवटी धरून मला समुद्रातून काढलं होतं.

नवऱ्याला फोन केला तेव्हा तो हसला. "आई? अन् पोहते? काही सांगते का!" मी रडायला लागले तेव्हा कुठे त्याला पटलं की थट्टा नाही. तरी त्याने खात्री करायला गावी मामांना फोन लावला. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. ते म्हणाले, "तुले माहीत नाही का गा? मले तर तिनंच शिकवलं. आख्ख्या गावात तिच्यासारखी बुडी कोणाची नव्हती."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.  

म्हणाला, "मी शाळेत असताना जलतरण तलावावर पोहायला शिकायला जायचो ना, आई सोबत यायची. बाहेर बाकावर माझा टॉवेल घेऊन बसायची. घरी येताना मी तिला रोज समजावून सांगायचो, पाण्यात श्वास कसा धरायचा ते. अन् ती म्हणायची, असं होय का? अजून सांग."