गैरहजेरीची रंगीत तालीम

लेकीचा फोन आला तेव्हा मावशी कटिंगच्या टेबलावर जवळजवळ आडव्या झाल्या होत्या. निळ्या कापडाचे थर एकावर एक अंथरलेले, वर खडूच्या रेघा आणि हातात काळ्या मुठीची जड कात्री. कात्री चालू असताना फोन घ्यायचा नाही, हा त्यांचाच नियम. पण लेकीपुढे कुठला नियम टिकणार? बातमी गोड होती. मावशींनी ती तिथल्या तिथे सगळ्यांना सांगून टाकली, शिलाईची यंत्रं थांबली, बायकांचा एकच गलका झाला. मग लेकीने डॉक्टरांनी दिलेली तारीख सांगितली आणि मावशींचा चेहरा हळूहळू उतरला. बाळ येणार होतं ते नेमकं शाळा उघडण्याच्या तोंडावर.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्यांना वर्षात एकच ऋतू असतो. बाकीचे महिने हॉटेलांचे, दवाखान्यांचे कपडे शिवून दिवस काढायचे आणि शाळा उघडायच्या आधी दीड-दोन महिने श्वास घ्यायलाही उसंत नाही. त्याच दिवसांत लेकीचा मोठा निकाल लागला होता, मावशी नव्हत्या. त्याच दिवसांत तिने परगावी आपलं घर मांडलं, तेव्हाही नव्हत्या. आता डॉक्टरांनी तिला प्रवास करायला मनाई केली होती आणि सासरी करणारं कुणी नव्हतं.

"आई, येशील ना?" लेक म्हणाली. "जमणार नसेल तर आत्ताच सांग. मी रागावणार नाही. मनाची तयारी करायला वेळ तरी मिळेल."

ती रागावली असती तर परवडलं असतं. तो समजूतदार आवाज मावशींच्या काळजात रुतून बसला. "येते," त्या म्हणाल्या. कशी येणार, याचा त्यांना पत्ता नव्हता.

कारण कारखाना म्हणजे मावशी. वह्या-पेनांच्या दुकानावरची ती लांबट खोली, भिंतीला लागून सात-आठ यंत्रं, मधोमध टेबल, टोकाला इस्त्री. तिथली प्रत्येक गोष्ट मावशींच्या डोक्यातून निघे. दोरा संपला, मावशी. बटण कुठलं, मावशी. पंखा लावू का, मावशी. माणसं हाताने सोन्यासारखी होती. थोरली तर अशी शिवायची, की आत-बाहेर कळू नये. वयाने सगळ्यांत मोठी म्हणून ती थोरली, आणि कारखान्यातही सगळ्यांत जुनी. पण कात्री तिच्याही हाती कधी आली नाही. मावशींनी स्वयंपाकघरात एका जुन्या यंत्रावर धंदा सुरू केला, त्या काळात ठेवलेल्या एका कारागिराने अख्खा तागा उलटा कापला होता आणि दुपारच्या सुट्टीत चप्पल घालून जो गेला तो गेलाच. तेव्हापासून कापायचं काम मावशींनी जे हातात घेतलं ते सोडलं नाही.

नवऱ्याने त्यांची घालमेल पाहिली. निवृत्त माणूस, थट्टा करायला वेळच वेळ. "तू गेल्यावर कारखाना बंद पडेल ही तुझी काळजी नाहीच," ते म्हणाले. "बंद नाही पडला तर काय, ही खरी काळजी आहे."

बोलणं वर्मी लागलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कंबर कसली. आधी शाळांच्या मागे लागल्या. दरवर्षी मापं अगदी शेवटच्या घटकेला यायची. या वेळी त्या स्वतः शाळाशाळांतून फिरल्या, मुख्याध्यापिकांशी गोड बोलल्या, एकीशी भांडल्यासुद्धा, आणि सुट्टी लागायच्या आत मापं मिळवली. दरवर्षी हमखास खपणाऱ्या मापांचे कपडे रिकाम्या महिन्यांतच कापून गठ्ठे बांधून ठेवले. मग त्यांनी थोरलीच्या हातात कात्री दिली. थोरलीने ती गरम तव्यासारखी परत टेबलावर ठेवली. हे आपल्याला नाही जमायचं, म्हणाली. मावशी म्हणाल्या की पहिल्या दिवशी मलाही जमलं नव्हतं, फरक एवढाच की मला बघायला कुणी नव्हतं.

पण शिकवून काही होईना. मावशी शेजारी उभ्या असल्या की थोरली प्रत्येक रेघेला मान वर करून त्यांच्याकडे बघे. आणि मावशीही अशा, की तिने तोंड उघडायच्या आत उत्तर देऊन मोकळ्या. शेवटी त्यांनीच एक युक्ती काढली. रस्त्यापलीकडे पहिल्या मजल्यावर चष्म्याचं दुकान होतं, तिथून कारखान्याच्या खिडक्या समोर दिसत. दुपारी जेवण झालं की मावशी तिथे जाऊन बसणार. तिथे बसल्या की त्या गावाला गेल्या असं धरायचं. जे काही होईल ते कारखान्यात बसलेल्यांनी ठरवायचं. जो कोणी हाक मारेल किंवा फोन करेल त्याने, आणि मधेच परत आल्या तर मावशींनी, संध्याकाळी सगळ्यांना चहा पाजायचा.

पहिल्याच दुपारी चहा मावशींना पाजावा लागला. कुणीतरी लाल कापडाचा तागा उन्हात ठेवला आणि रंग उडेल म्हणून मावशी रस्ता ओलांडून तरातरा वर. दुसऱ्या दुपारीही त्यांनीच. इस्त्री करणारा लंबू, ज्याचं डोकं दाराच्या चौकटीला लागायचं, तो गंभीरपणे म्हणाला, "मावशी, तुम्ही रोज अशा गावाला गेलात तर आम्हाला घरी चहा करायलाच नको."

हळूहळू जमू लागलं. खिडकीतून दिसणारी थोरलीची मान आता खाली असायची. मावशी दुपारऐवजी अख्खा दिवस गावाला जाऊ लागल्या. आणि मग ती हॉटेलची पँटची ऑर्डर आली.

थोरलीने सगळ्या पँट एकटीने कापल्या, बायकांनी शिवल्या, इस्त्रीला लंबूकडे गेल्या. त्याने पहिलीच पँट उलटी केली आणि थबकला. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. मुलं वाढतात म्हणून मावशी गणवेशाला भरपूर माया सोडत आणि पायाशी चांगली चार बोटं दुमड. पुढच्या वर्षी आयांनी उसवून पँट लांब करावी, म्हणून. थोरलीने वेटरांच्या पँटलाही तेच केलं होतं. सगळ्याच्या सगळ्या.

"हॉटेलातली माणसं अजून वाढायची आहेत का?" लंबूने विचारलं.

आधी सगळे हसले. मग कुणीच हसेना, कारण माल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

पलीकडे मावशींना एवढंच दिसलं की सगळी यंत्रं थांबली आहेत आणि माणसं टेबलाभोवती गोळा झाली आहेत. कुणाचं बोट सुईखाली गेलं? कापड जळलं? त्या उठल्या. चष्मेवाले एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होते, ते मान न वळवता म्हणाले, "वहिनी, गावाला गेलेली माणसं अशी काचेला नाक लावून उभी राहतात का?"

"काहीतरी झालंय तिथे."

"झालंच असेल. लेकीकडे असताना कुठली काच लावणार आहात?"

मावशी परत बसल्या. बसल्या म्हणजे खुर्चीला टेकल्या. जीव सगळा पलीकडे. फोन मांडीवर ठेवला होता, तो वाजला नाही. थोड्या वेळाने थोरली जिना उतरून खाली आली, हातात पिशवी. तिने समोर वर पाहिलं, मावशी काचेआड बसलेल्या दिसल्या. क्षणभर थांबली. मग पदर खोचला आणि दुसऱ्याच दिशेने चालू लागली. इतक्या वर्षांत ही बाई कारखान्याच्या कामाने कधी एकटी कुठे गेली नव्हती.

ती हॉटेलात गेली होती. मालकाला पँट उलटी करून दाखवली आणि चूक सांगून टाकली. उसवून नीट करून देते, एक दिवस जास्त द्या, म्हणाली. मालक आधी तडकला. मग पँट हातात घेऊन त्याने दुमड नीट पाहिली. त्याच्याकडे वेटर टिकत नसत. बुटका जाई, उंच येई, आणि नव्याला जुन्याची पँट घोट्याच्या वर यायची. लांबीची दुमड असू दे, तो म्हणाला, पण बाजूची माया काढा, खिशापाशी फुगते. आणि एक दिवस दिला, कुरकुरतच.

संध्याकाळी मावशी वर आल्या तेव्हा थोरली उसवत बसली होती. तिने सगळं सांगितलं, मान खाली घालून, आणि म्हणाली, "काय बोलायचं ते बोला."

मावशींनी एक पँट उचलली. बोलायला खूप होतं. रस्ता ओलांडताना त्यांनी ते जुळवूनही ठेवलं होतं. पण मनात दुसरंच आलं. आपण असतो तर काय केलं असतं? कुणाला कळू न देता सगळ्या पँट एकटीने उसवल्या असत्या, डोळे फोडून घेतले असते आणि गिऱ्हाइकाला एका शब्दानेही विचारलं नसतं. थोरलीने विचारलं होतं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "किती सोडायचं ते सांगितलं, का सोडायचं ते कधी सांगितलंच नाही." आणि टाके काढायची एक उसवणी घेऊन थोरलीच्या शेजारी बसल्या. थोरलीने ती त्यांच्या हातातून काढून घेतली. तुम्ही गावाला आहात, म्हणाली. बायका खुसूखुसू हसल्या.

त्यानंतर मावशींनी मापं सांगणं कमी केलं आणि कारणं सांगू लागल्या. गुडघ्याला दुहेरी शिवण का, मुलींच्या खिशाला जाड कापड का, कुठल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेसमोर जास्त बोलायचं नाही आणि का. बोलता बोलता त्यांना कळे की यातली काही कारणं केव्हाच उरली नाहीत, नुसती सवय उरली आहे. ती त्या तिथेच सोडून देत.

फोन डॉक्टरांच्या तारखेच्या आधीच आला, भर हंगामात, गठ्ठ्यांनी जिनासुद्धा अडलेला असताना. मावशींनी हातातलं काम टेबलावर ठेवलं. काय सांगायचं राहिलं, हे आठवायचा प्रयत्न केला. लंबू त्यांची बॅग घेऊन कधीच खाली पोचला होता. थोरली कापत होती. तिने कात्री थांबवली नाही, नुसती म्हणाली, "जा हो मावशी. पोर वाट बघतेय."

दवाखान्यातल्या त्या अरुंद खोलीत लेकीचे केस कपाळाला चिकटले होते आणि कळा थांबून थांबून येत होत्या. मावशींनी तिची पाठ चोळली, पाणी पाजलं, नर्सला दोनदा उगाचच बोलावलं. मधल्या एका निवांत घटकेत लेकीने डोळे उघडले.

"आई, कारखान्यात काय चाललंय?"

मावशींनी विचार केला. खरंच केला.

"माहीत नाही गं," त्या म्हणाल्या.

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने आईचा हात धरला, पुढची कळ आली तशी घट्ट आवळला, आणि मावशी तिच्यावर वाकून म्हणत राहिल्या, आहे मी, इथेच आहे.