आसावरीच्या तळहाताएवढी जागा

हॉलंडमध्ये द हेगला लागून असलेल्या फोरबर्गमध्ये ट्रामच्या रुळांमागे भाड्याच्या गॅरेजांची एक ओळ आहे. शनिवारी सकाळी त्यातल्या शेवटच्या गॅरेजातून नाक झिणझिणवणारा वास आला, की खुशाल समजावं, उल्हास टिपणीस कामाला लागला. सोमवार ते शुक्रवार हा गृहस्थ द हेगच्या एका ऑफिसात इस्त्रीचा शर्ट घालून सॉफ्टवेअर तपासतो. शनिवारी मात्र तोंडाला मास्क, अंगात फाटका टी-शर्ट आणि हातावर काचेच्या तंतूंची खाज. गाड्यांमध्ये बसवायचे स्पीकरचे बॉक्स बनवणं हा त्याचा छंद. छंद कसला, वेडच म्हणा ना.

त्याच्या बॉक्सला चौकोनी कोपरे नसतातच मुळी. गाडीच्या ज्या सांदीत बसवायचा, तिच्या वळणाप्रमाणे तो आधी लाकडी कडी उभी करतो, तिच्यावर लोकरी कापड ताणून बसवतो, त्याला रेझिन पाजतो, आणि ते कडक झालं की आतून फायबरग्लासचे थरावर थर देतो. मग घासणं आलं. घासता घासता माणसाचा पीठगिरणीवाला होतो. एवढं सगळं कशासाठी? तर आवाज फक्त स्पीकरने करावा, बॉक्सने ब्र काढू नये. बॉक्स थरथरला की आवाज घाण झाला, हे उल्हासचं ठाम मत, आणि उल्हासचं मत बदलणं म्हणजे खेमेंतेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी काम करून घेणं.

बॉक्स पास झाला की नाही हे ठरवायची त्याची स्वतःची एक परीक्षा होती. साय आलेला चहाचा कप तो बॉक्सवर ठेवायचा आणि आवाज पूर्ण सोडायचा. चहावरची साय मोडली नाही, तर बॉक्स पास. द हेगची हिंदी बोलणारी सुरिनामी पोरं आपल्या गाड्या घेऊन यायची, ती गाण्यापेक्षा सायीकडेच डोळे लावून बसायची. इतक्या वर्षांत साय एकदाही मोडली नव्हती, आणि हे सांगताना उल्हासची छाती जरा जास्तच फुगायची, हे कबूल केलं पाहिजे.

आता आसावरी. उल्हासची बायको. लहानपणी पुण्यात ती तबला शिकली होती, आणि तिची बोटं ते अजून विसरलेली नव्हती. कणीक मळून झाली की ओट्यावर एक ठेका पडायचाच. यांची लेक सानिका मास्ट्रिख्टला शिकायला गेली, तेव्हापासून दर महिन्याला दोघं गाडीने तिकडे जायची. सवादोन तासांचा रस्ता. तेवढा वेळ तबला लावायचा, आसावरीने डॅशबोर्डवर ठेका धरायचा, उल्हासने ओव्हरटेक करताना सम चुकली म्हणून बोलणी खायची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दोन माणसं गाडीत एवढी खूश असतात का कुठे? ही असायची.

मग आसावरीचे कान दगा द्यायला लागले. हाउसआर्ट्स, म्हणजे घरचा डॉक्टर, झाला, हॉस्पिटल झालं, कानामागे दोन छोटी यंत्रं आली. यंत्रांनी बोलणं कळायचं, पण तबला? तो पत्र्यावर चमचा आपटल्यासारखा यायचा. डग्ग्याचा घुमारा तर पार गेला. दोन-तीनदा तिने सहन केलं, आणि एकदा आइंडहोव्हनच्या अलीकडेच म्हणाली, की उल्हास, बंद कर ते. त्यानंतर गाडी मुकी झाली. पुढच्या महिन्यात ती आलीच नाही. तू जा, माझं डोकं दुखतंय, म्हणाली. उल्हास एकटा गेला आणि एकटा आला, आणि त्याला तो रस्ता कंटाळवाणा आहे हे पहिल्यांदाच कळलं. ही अशीच घरात बसून राहिली तर काय करायचं?

मग त्याने काय केलं? त्याला जे एकच येतं, ते. दोन सीटच्या मधल्या जागेत बसेल असा बॉक्स करायला घेतला, आसावरीच्या अगदी बाजूला, खास डग्ग्यासाठी. आयुष्यात केला नाही एवढा भक्कम. थर दिले, त्यावर आणखी थर दिले, आतून आडवे टेकू दिले. वर जांभळा रंग, कारण तिला आवडतो. परीक्षा घेतली. साय ढिम्म.

रविवारी त्याने आसावरीला घरासमोर गाडीत बसवलं. यंत्रं काढून ठेव म्हणाला, चहाचा कप बॉक्सवर ठेवला आणि तबला सुरू केला. पलीकडच्या घरातल्या आजीबाईंनी खिडकीतून पाहिलं, एवढा दणका. उल्हासची नजर कपावर. साय हलत नव्हती. त्याला धन्य धन्य वाटत होतं. आसावरीने बॉक्सवर हात ठेवला, थोडा वेळ वाट पाहिली, आणि त्याच्याकडे वळून विचारलं, "लावलंस का?"

उल्हासने गाणं बंद केलं. ती समजली. रंग फार छान झालाय रे, म्हणाली, आणि त्या कौतुकाने त्याच्या काळजाला घरं पडली.

आठवडाभर त्याने गॅरेजचं दार उघडलं नाही. पुढच्या शुक्रवारी दोघं हॉस्पिटलला निघाली होती. ट्राममध्ये बसायला जागा नव्हती. आसावरी दांडा धरून उभी होती, डोळे मिटलेले, यंत्रं पर्समध्ये. उल्हासने सहज पाहिलं, तर तिची बोटं दांड्यावर वाजत होती. रुळांच्या सांध्यांवरून चाकं जायची, दांडा थरथरायचा, आणि ही त्या थरथरीवर ठेका धरून उभी. वळण संपलं तशी लय वाढली, बोटंही जलद झाली.

उल्हासला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. अरे, हिला हाताने ऐकू येतंय, आणि आपण हिच्या हाताखाली भिंत बांधून ठेवली. कणभर थरथर बाहेर येऊ नये म्हणून जिवाचं रान केलं, आणि हिला हवी होती ती नेमकी थरथरच.

शनिवारी आसावरीला त्याने गॅरेजात बोलावलं. बॉक्सवर आरामात हात टेकव म्हणाला, आणि पेन्सिल घेऊन पंज्याभोवती रेघ काढली. कशाला, तिने विचारलं. बघशील, म्हणाला. ती गेल्यावर ग्राइंडर हातात घेतला. आपल्या हातचा सगळ्यात देखणा, सगळ्यात भक्कम बॉक्स कापणं त्याच्या जिवावर आलं होतं, खोटं कशाला बोला. पण कापला. पंज्याएवढं भगदाड पाडलं आणि त्यावर फायबरग्लासचा पातळ पापुद्रा बसवला. पहिला फारच पातळ झाला, पतंगासारखा फडफडायला लागला. तो फाडला. दुसरा जाड झाला, तोही फाडला. तिसऱ्यावर त्याने स्वतःचा तळहात ठेवला आणि डग्गा हाताला लागला. सुरिनामी पोरांतला एक जण त्या दिवशी आला होता. अंकल, ये तो काँप रहा है, असं तो घाबरून म्हणाला. काँपने दो, उल्हास म्हणाला.

पुढच्या रविवारी मास्ट्रिख्टला निघताना आसावरी आढेवेढे घेत होती. लेकीसाठी केलेल्या चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन शेवटी बसली. आइंडहोव्हनच्या अलीकडे उल्हासने गाडी विसाव्याच्या जागी थांबवली, थर्मासमधला चहा ओतला, साय धरू दिली, आणि सवयीने कप बॉक्सवर ठेवला. मग तिला यंत्रं काढायला लावून तिचा हात त्या जागी टेकवला आणि तबला लावला.

आसावरी आधी दचकली. मग तिने हात काढलाच नाही. दुसऱ्या हाताची बोटं चकल्यांच्या डब्यावर आली. एक आवर्तन तिने नुसतंच जाऊ दिलं. दुसऱ्यात बोटं चालायला लागली. तिसऱ्यात तबलजी समेवर आला आणि डब्यावर थाप पडली, बरोब्बर तिथेच. उल्हासला समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला. बरं झालं, गाडी उभी होती.

"आता लागलं," आसावरी म्हणाली.

बॉक्सवरचा कप केव्हाच सरकत कडेला आला होता, साय मोडून तिचे तुकडे झाले होते. चहा उल्हासच्या नव्या पँटवर सांडत होता, आणि तो आवाज आणखी वाढवत होता.